मुखवट्याची दोरी

मुखवटे करायची कल्पना नक्की कुणाची होती ते इथे सांगत नाही. त्या आठवड्याच्या बैठकीत ती सगळ्यांनाच आवडली होती, मलाही. पुठ्ठ्याचे वाघ, मांजर, घुबड. मुलांनी रंगवायचे, दोन्ही बाजूंना भोकं पाडून इलॅस्टिक ओवायचं, कानांमागे अडकवायचं. अर्ध्या तासात होणारं आणि हमखास हसू आणणारं काम.

गुरुवारी ओपीडीबाहेरच्या टेबलाशी आठ वर्षांच्या एका मुलानं वाघ घेतला. पट्टे ओढताना त्याची जीभ ओठांतून बाहेर आली होती आणि मान तिरकी झाली होती. रंग वाळल्यावर आमच्यातल्या एका मुलीनं मुखवटा त्याच्या तोंडावर धरला, डाव्या कानामागे इलॅस्टिक अडकवलं आणि उजवीकडे हात नेला. उजवीकडे कान नव्हता. शेंगदाण्याएवढी एक मऊ गाठ आणि तिच्याखाली पाळीचा तुकडा, एवढंच. इलॅस्टिक घसरलं. तिनं पुन्हा लावलं, पुन्हा घसरलं. तिसऱ्या वेळी मुलानंच तिचा हात बाजूला केला, मुखवटा काढून घेतला आणि पुढचा तासभर एका हातानं तोंडासमोर धरून बसला. एक हात त्यातच अडकल्यामुळे त्याला दुसरं काही करता आलं नाही.

तो आमच्याकडे तिसऱ्यांदा आला होता. म्हणजे त्याच्या कानाचं आम्हाला ठाऊक होतं. ठाऊक असून सुचलं नव्हतं.

त्याच टेबलावर दहा वर्षांची एक मुलगी मांजर झाली होती. तिचा वरचा ओठ तान्हेपणीच शिवलेला, नाकपुडी एका बाजूनं थोडी बसकी. नाव पुकारल्यावर ती मुखवट्यासकट आत गेली. डॉक्टरांना तिचा ओठच बघायचा होता आणि ती मांजर उतरवेना. आईनं आधी समजावलं, मग ओढलं. पुठ्ठा फाटला. बाहेर आल्यावर आई आम्हाला एवढंच म्हणाली, "घरीसुद्धा ही तोंडावर रुमाल धरूनच बसते हो."

या एका दुपारीतून पुढे काय काय निघालं त्याची ही नोंद आहे. मुलांची, संस्थेची, गावाची नावं घेतलेली नाहीत, ओळख पटेल असे बारकावेही वगळले आहेत.

टेबल कुठे होतं

आमचा गट महाविद्यालयातल्या स्वयंसेवक विद्यार्थ्यांचा. मी त्यांची समन्वयक, म्हणजे परवानग्या काढणारी, हिशेब तपासणारी आणि काही चुकलं की बोलणी खाणारी. जन्मतः किंवा भाजल्यामुळे चेहरा वेगळा असलेल्या मुलांसाठी एका रुग्णालयात आठवड्यातून एकदा ओपीडी चालते. तिथल्या प्रतीक्षालयात एक लांब टेबल आम्हाला मिळालं होतं. मुलं थांबलेली असतात तेवढा वेळ त्यांच्यासोबत हस्तकला करायची आणि वर्षाकाठी थोडाफार निधी उभा करायचा, असं दुहेरी काम ठरलं होतं.

या मुलांचं किती आयुष्य थांबण्यात जातं, हे बाहेरच्याला लवकर कळत नाही. साधारण ७०० जन्मांमागे एका बाळाचा ओठ किंवा टाळू, किंवा दोन्ही, दुभंगलेली असतात. लोकांना वाटतं एक ऑपरेशन झालं की विषय संपला. प्रत्यक्षात ओठ शिवतात बाळ तीन ते सहा महिन्यांचं असताना आणि टाळू नऊ ते अठरा महिन्यांच्या दरम्यान. मग बोलणं स्पष्ट व्हावं म्हणून वाचा-उपचार. मधल्या कानात द्रव साठतो म्हणून कानांच्या तपासण्या, कारण कानाची नळी उघडणारे स्नायू टाळूतलेच आणि तेच नीट जुळलेले नसतात. हिरडीत फट असेल तर सुळा उतरण्याआधी, आठ-दहा वर्षांच्या सुमारास, तिच्यात हाड भरतात. पुढे दातांच्या तारा, आणि काहींना वाढ पुरी झाल्यावर जबड्याची शस्त्रक्रिया. एका मुलाला एकाच दिवशी चार-पाच दारांबाहेर बसावं लागतं, आणि असे दिवस वर्षानुवर्षं येत राहतात.

आमचं टेबल या दारांच्या मधोमध होतं. हस्तकलेचा इथे नेमका काय उपयोग, हे पहिल्या महिन्यात मला कळलं नव्हतं. मन रमतं, एवढंच वाटायचं. मग लक्षात आलं की टेबलावर काम चालू असताना कुणी कुणाकडे बघत नाही, सगळे कागदाकडे बघतात. समोर बसून 'तुझं नाव काय, कितवीत आहेस' विचारलं की मूल मान खाली घालतं. शेजारी बसून 'तो डिंक जरा इकडे सरकव' म्हटलं की सरकवतं, आणि थोड्या वेळानं स्वतःहून बोलायला लागतं. ज्याच्याकडे बसमध्ये, शाळेत, लग्नकार्यात सगळे टक लावून बघतात, त्याच्याकडे इथे तासभर कुणी बघत नाही, ही त्या टेबलाची खरी सोय होती. आणि नेमक्या त्याच टेबलावर आम्ही चेहऱ्यावर चढवायची वस्तू आणून ठेवली.

शब्दांचीही आमची तीच गत होती. परवानगीच्या पहिल्या अर्जात मी 'विद्रूपता असलेली बालके' असं लिहिलं होतं. अर्ज परत आला तेव्हा त्या शब्दाभोवती पेन्सिलीनं एक गोल होता, शेरा काही नव्हता. मी 'चेहऱ्याचं वेगळेपण' असं लिहून पुन्हा पाठवला. तेव्हा मला ते नुसतं सौजन्य वाटलं होतं. पण 'विद्रूप' म्हणणारा बघणाऱ्याच्या बाजूनं बोलतो, ज्याचा चेहरा आहे त्याच्या बाजूनं बोलत नाही.

फुंकर, कात्री, चमकी

पुढच्या बैठकीत पोरं गप्प होती. शेवटी एकानं विचारलं, "मॅडम, मग आता कानाला अडकवायचं काहीच करायचं नाही का?" प्रश्न चुकीचा नव्हता, पण अपुरा होता. कानाचं कळलं ते इलॅस्टिक घसरलं म्हणून. घसरलं नव्हतं असं आणखी काय काय आम्ही त्या टेबलावर ठेवत होतो? सगळ्या कृतींची यादी घेऊन आम्ही वाचा-उपचार करणाऱ्या तज्ज्ञ बाईंकडे गेलो. त्यांनी लाल पेन काढलं.

पहिली रेघ पडली फुंकणीच्या चित्रांवर. कागदावर पातळ रंगाचा थेंब टाकायचा आणि स्ट्रॉनं फुंकून त्याच्या फांद्या पसरवायच्या, हा आमचा लाडका प्रकार. दोन आठवड्यांपूर्वी पाच वर्षांचा एक मुलगा जीव खाऊन फुंकत होता आणि थेंब जागचा हलत नव्हता. त्याच्या टाळूला शस्त्रक्रियेनंतर बारीक छिद्र राहिलं होतं, हवा नाकातून निघून जात होती. आमचा विद्यार्थी त्याला प्रेमानं सांगत होता, "अजून जोरात! सराव झाला की जमेल." तज्ज्ञ बाईंनी हे ऐकून डोळे मिटले. फुंकताना मऊ टाळू वर उचलून नाकाचा मार्ग बंद करते. मार्ग बंद होत नसेल तर जोर लावून काही होत नाही, उलट ते मूल सगळ्यांसमोर हरतं. आणि फुंकण्याच्या सरावानं बोलणं सुधारतं हा समज जुना असला तरी खरा नाही. बोलणं सुधारतं ते बोलण्याच्याच सरावानं, शिकवणाऱ्यासोबत. टाळूचं ताजं ऑपरेशन झालेल्या मुलांना तर काही आठवडे तोंडात स्ट्रॉ घालायलाच बहुतेक डॉक्टर मनाई करतात. आम्ही स्ट्रॉ काढून टाकल्या. थेंब टाकून कागदच इकडेतिकडे तिरपा करायचा, म्हणजे रंग आपोआप धावतो. खरं सांगायचं तर चित्रं आधीपेक्षा बरी व्हायला लागली.

दुसरी रेघ चमकीवर. क्रूझॉन किंवा एपर्ट सिंड्रोममध्ये कवटीचे सांधे वेळेआधी जुळतात, डोळ्यांच्या खोबण्या उथळ राहतात आणि डोळे पुढे येतात, कधी पापण्या पूर्ण मिटत नाहीत. ट्रीचर कॉलिन्स सिंड्रोममध्ये, जो साधारण ५०,००० मध्ये एकाला होतो, खालच्या पापणीत खाच असू शकते. अशा डोळ्याचं बुबुळ उघडंच असतं, त्यावर चमकीचा कण गेला तर ओरखडा ठरलेला. चमकीची डबी मीच हौसेनं आणली होती. ती परत घरी नेली.

कात्रीचा धडा आम्हाला पूर्वीच मिळाला होता. एपर्ट असलेल्या मुलांच्या हातापायांची बोटं जुळलेली असतात. शस्त्रक्रियेनं ती सुटी केली तरी सांधे ताठ राहतात. अंगठा कात्रीच्या कडीत घालून उघडमीट करणं जमत नाही. अशा एका मुलीला आमच्यातला एकजण सगळं कापून देत होता आणि ती नुसतं चिकटवत होती, पाहुण्यासारखी. एक दिवस तिनं कार्डशीट दातात धरून फाडलं. तेव्हापासून आमच्याकडे फाडकामच चालतं, कात्री फक्त मागेल त्याला. फाटलेल्या कडेला जो पांढरा धागेदार काठ सुटतो त्यानं ढग, लाटा, मेंढीची लोकर फार सुंदर होते.

बाकीच्या रेघा किरकोळ होत्या. कापडी बाहुल्या धुता येतील अशाच हव्यात, खडूंचा डबा प्रत्येक मुलाला वेगळा, कडक वासाचा गोंद नको. भावंडांबद्दलची सूचना मात्र आम्हाला सुचलीच नसती. टाळू शिवलेल्या तान्ह्या बाळांनी तोंडात हात घालू नयेत म्हणून काही ठिकाणी त्यांच्या कोपरांना कडक पट्टे बांधतात. आईबाप त्या बाळात गुंतलेले असतात आणि मोठी ताई किंवा दादा भिंतीला टेकून उभा असतो. आमच्या एका विद्यार्थिनीनं या पट्ट्यांवर चढवायला कापडी खोळी शिवल्या आणि त्यांवर चित्रं काढायचं काम भावंडांना दिलं. एका सहा वर्षांच्या ताईनं दोन्ही खोळींवर एकच मासा काढला, अर्धा एकीवर आणि अर्धा दुसरीवर. बाळानं हात जवळ आणले की मासा पुरा व्हायचा.

कोणती खुर्ची

पुढचं मात्र कोणत्याही यादीत नव्हतं. ते नऊ वर्षांच्या एका मुलीनं दाखवून दिलं. तिच्या डाव्या गालावर डोळ्याखालपासून जबड्यापर्यंत जांभळट लाल डाग आहे, जन्मापासूनचा. त्वचेतल्या बारीक रक्तवाहिन्या रुंद राहिल्यामुळे तो दिसतो. त्याला पोर्ट-वाइन डाग म्हणतात. लेझरच्या अनेक बैठकांनी तो फिका होतो, पण बहुतेकदा पुरता जात नाही. ती कागदाच्या पट्ट्या विणत होती. मान वर न करता म्हणाली, "ताई, तुम्ही सगळे याच खुर्चीवर का बसता?"

तिच्या दोन्ही बाजूंना खुर्च्या होत्या. आम्ही त्या दिवशी आळीपाळीनं चारजण तिच्याजवळ बसलो होतो, मीसुद्धा. चौघंही उजवीकडे.

१९८२ साली ब्रिटनमध्ये निकोला रम्सी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हीच गोष्ट रस्त्यावर मोजली होती. चेहऱ्यावर डाग किंवा इजेच्या खुणा असलेल्या व्यक्तीपासून येणारेजाणारे जास्त अंतर राखून उभे राहिले, आणि चेहऱ्याची जी बाजू स्वच्छ होती त्या बाजूला उभं राहण्याकडे त्यांचा कल दिसला. ते अनोळखी लोक होते. आम्ही तर गळ्यात ओळखपत्र घालून खास या मुलांसाठी आलो होतो.

बैठकीत ठरलं: यापुढे जाणीवपूर्वक दोन्ही बाजूंना बसायचं. पोरांनी ते फार मनावर घेतलं. वाघाच्या मुलाच्या उजवीकडे, कान नसलेल्या बाजूला, आता आवर्जून कुणीतरी बसू लागलं.

आणि तो मुलगा गप्प झाला. विचारलं तर उत्तर नाही, हाक मारली तर बघत नाही. रोजच्या नोंदवहीत एका विद्यार्थ्यानं लिहिलं, 'आजही बोलला नाही. मुखवट्याच्या प्रसंगानं दुखावलेला वाटतो.' पुढच्या आठवड्यात दुसऱ्यानं लिहिलं, 'हट्टी आहे, वेळ द्यावा लागेल.' मला वाचून वाईट वाटलं, पण खोटं वाटलं नाही. आमच्या चुकीचं ओझं त्याच्यावर आहे ही कल्पना आम्हाला जरा सोयीचीच होती.

उलगडा केला श्रवणतपासणी करणाऱ्या बाईंनी, आणि तोही जाता जाता. "त्याच्या उजवीकडे कोण बसवतंय?" बाहेरचा कान घडलेला नसतो तेव्हा बहुधा आतली नळीही बंद असते. आतला कान चांगला असला तरी आवाज तिथवर नीट पोहोचत नाही. एका कानावर शांत खोलीत भागतं. पण आमचं प्रतीक्षालय म्हणजे पुकारे, रडणं, ओढल्या जाणाऱ्या खुर्च्या. तिथे उजवीकडून बोललेलं त्याला बहुतेक ऐकूच येत नव्हतं. डावी बाजू त्याची ऐकायची बाजू होती. म्हणजे आधी आम्ही चुकीच्या कारणानं बरोबर खुर्चीवर बसत होतो, आणि नंतर बरोबर कारणानं चुकीच्या.

या प्रकरणात मला सगळ्यात जास्त शिकवलं असेल तर या दोन आठवड्यांनी. तत्त्व एकच आणि बरोबर होतं, पण एका मुलीला त्यानं दिलासा दिला आणि एका मुलाला एकटं पाडलं. मुलाला कुठे बसू हे विचारायला दोन सेकंदं लागली असती. विद्यार्थ्यांना (आणि मलाही) वाटत होतं की विचारणं म्हणजे त्याच्या कानाचा विषय काढणं. आणि विषय काढायचा नाही हे तर आम्ही पहिल्याच दिवशी ठरवून टाकलं होतं, त्याला न विचारताच.

काठीवरची मांजर

मुखवटे सगळे टाकून द्यावेत असं दोघांचं मत होतं. रुग्णालयातल्या समुपदेशक बाईंनी नको म्हटलं. तोंड झाकावंसं वाटणं हा काही गुन्हा नाही, आणि मांजरीचं खूळ आम्ही दिलं म्हणून रुमाल सुरू झाला असंही नाही. त्यांनी फक्त विचारलं, "त्या दिवशी वाघवाल्यानं काय केलं?"

त्यानं मुखवटा हातात धरला होता. म्हणजे उत्तर त्यानंच काढलेलं होतं. आम्ही वाघाच्या मागे एक काठी चिकटवली आणि मुखवट्याचं बाहुलं झालं. हवं तर तोंडासमोर धरा, हवं तर खाली घ्या, हवं तर दुसऱ्याच्या वाघाशी बोलायला लावा. कानाचा संबंध संपला, आणि हात आखडला तर खाली ठेवायलाही मोकळं.

जेम्स पार्ट्रिज अठरा वर्षांचे असताना, १९७० मध्ये, गाडीच्या अपघातात भाजले होते. १९९२ मध्ये त्यांनी ब्रिटनमध्ये 'चेंजिंग फेसेस' ही संस्था काढली. ती चेहऱ्यावर शस्त्रक्रिया करत नाही, लोकांच्या नजरेला आणि प्रश्नांना तोंड कसं द्यायचं ते शिकवते. त्यांच्याकडची एक साधी त्रिसूत्री समुपदेशक बाई वापरत होत्या: थोडक्यात सांग, समोरच्याला निश्चिंत कर, विषय बदल. हे वाक्य मुलीच्या तोंडून काढायला त्यांना कठीण जात होतं. मांजरीच्या तोंडून ते तीन गुरुवारांत निघालं. काठी टेबलाच्या कडेवर टेकवलेली, मुलगी टेबलाखाली वाकलेली, फक्त आवाज:

"माझा ओठ जन्मतः उघडा होता. डॉक्टरांनी शिवला. आता दुखत नाही. तुला पोहता येतं का?"

वाघ थोडा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, "वाघांना येतं."

तिचा रुमाल सुटला असं मी लिहिणार नाही, कारण मला ते माहीत नाही. आमच्या टेबलाशी ती तो मांडीवर ठेवायला लागली, एवढं मी पाहिलं.

फाटकाजवळचा फोटो

निधीचं काम तोवर वेगळ्याच चमूकडे होतं आणि त्यांचा उत्साह दांडगा होता. त्यांनी भित्तिपत्रक तयार केलं: डावीकडे तान्हं बाळ, दुभंगलेला ओठ, उजवीकडे तीच मुलगी आज, हसताना. हा नमुना त्यांनी शोधून काढलेला नव्हता. १९८२ मध्ये बिल आणि कॅथी मॅगी या दांपत्यानं 'ऑपरेशन स्माइल' सुरू केली, १९९९ मध्ये 'स्माइल ट्रेन' आली, आणि ओठ-टाळूच्या शस्त्रक्रियांसाठी जगभर पैसा उभा राहू लागला. आधीचा आणि नंतरचा असे दोन फोटो शेजारी ठेवले की कुणाला काही समजावावं लागत नाही, हे या क्षेत्रात सगळ्यांना ठाऊक आहे. असा फोटो बघून खिशात हात घालणारा माणूस वाईट नसतो. मीही घातलेला आहे.

फोटोतली मुलगी म्हणजे आमची मांजर. आईनं परवानगीच्या कागदावर आनंदानं सही केली होती, बाळपणीचा फोटोही तिनंच दिला. कागदोपत्री काही कमी नव्हतं. मुलीला विचारा, असं मी म्हटलं तेव्हा चमूतल्या एकाला ते नसतं खुसपट वाटलं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात बाराव्या कलमात मुलाचं म्हणणं ऐकून घेण्याचा हक्क आहे, सोळाव्यात खासगीपणाचा, हे मी त्याला ऐकवलं. त्यानं मान डोलावली, आणि पटलं नाही हे मला कळलं.

मुलीला पत्रक दाखवलं. तिनं उजवीकडचा फोटो बराच वेळ पाहिला. डावीकडच्यावर तळहात ठेवला.

"हे कुठे लावणार?"

"आमच्या कॉलेजच्या फाटकाजवळ. त्या दिवशी तुम्हालाही बोलावलंय, तुमच्या वस्तूंचं प्रदर्शन आहे ना."

"मग मी फाटकातून आत कशी येऊ?"

कलमांनी जे झालं नव्हतं ते या प्रश्नानं झालं. पत्रकं फाडली, तीही त्या चमूतल्या मुलानंच.

यानंतर निधी जास्त जमला असं लिहिता आलं असतं तर बरं वाटलं असतं. पहिल्या विक्रीला अपेक्षेपेक्षा बराच कमी जमला. दोघातिघांनी विचारलंही, "मुलांचे फोटो नाहीत का?" एक गृहस्थ वस्तू हातात घेऊन पुन्हा ठेवून गेले. शिवाय हिशेब मांडल्यावर दिसलं की आलेल्या रकमेतली निम्म्याहून जास्त साहित्यातच गेली होती. जाड कागद, रेशमी दोरे, खोकी, सगळं हौसेनं आणलेलं. त्यापेक्षा पोरांनी सरळ खिशातून वर्गणी दिली असती तर मुलांना जास्त मिळालं असतं. हे मी बैठकीत बोलून दाखवलं आणि मला वाटतं जरा लागेल असंच बोलले.

विकायचं काय, हाही घोळ होता. प्रदर्शनात मुलांच्या वस्तूंवर किंमतीच्या चिठ्ठ्या लावल्या तेव्हा वाघवाल्यानं आपल्या वाघावरची चिठ्ठी सोलून काढली आणि वाघ शर्टाच्या आत सरकवला. मग आम्ही दोन खोकी ठेवली, एकावर 'माझं' आणि एकावर 'विकायला'. कोणतं कशात हे मुलांनी ठरवायचं. जवळजवळ सगळं पहिल्या खोक्यात गेलं. आता विक्रीच्या वस्तू विद्यार्थी स्वतः करतात, वापरलेल्या कागदापासून, ओपीडीच्या वेळेबाहेर. मुलांच्या वस्तू मुलांच्या घरी जातात. पैशाच्या पेटीला सील असतं, ती दोघांसमोर उघडते, आणि हिशेब भिंतीवर लागतो.

पैसे कशाला हवेत हे ठरवायला आम्ही सगळ्यात जास्त उशीर केला. गृहीतच धरलं होतं, ऑपरेशनला. वाचा-उपचार करणाऱ्या बाईंनी सांगितलं की शस्त्रक्रियेसाठी कुणी ना कुणी सापडतं, कारण तिला शेवट आहे आणि शेवटाचा फोटो आहे. अडतं ते त्यानंतर. दर आठवड्याला लांबून येणं, आईचा किंवा बापाचा बुडालेला दिवस, दातांच्या तारांच्या फेऱ्या, श्रवणयंत्राचे सेल. कितीतरी मुलं टाळू शिवून झाल्यावर वाचा-उपचार अर्धवट सोडतात ती केवळ येण्याजाण्याच्या खर्चापायी. याचा फोटो निघत नाही. म्हणून दुसऱ्या विक्रीला आम्ही प्रत्येक वस्तूला एक चिठ्ठी बांधली आणि ती किती फेऱ्यांच्या भाड्याएवढी होते ते लिहिलं: अर्धी फेरी, एक फेरी, परतीसकट. लोक थांबून वाचायचे. एका बाईंनी तीन 'अर्ध्या' घेतल्या आणि विचारलं, "उरलेली अर्धी कोण देणार?" त्यांना आम्ही चौथी दिली.

झाकण

विद्यार्थ्यांचा गट दर वर्षी बदलतो. शिकलेले जातात, नवे येतात, आणि नव्यांना मुखवट्यांची कल्पना सुचतेच. यंदाही सुचली. म्हणून साहित्याच्या मोठ्या खोक्याच्या झाकणावर आतल्या बाजूनं सूचना लिहून ठेवायचं ठरलं. नियमावली करायची हौस मला होती, पण पोरांनी ती अर्ध्या पानाच्या वर जाऊ दिली नाही. 'फुंकायचं काही नको. चमकी नको. कागद फाडून चालतो. कानाला अडकवायचं असेल तर आधी काठी शोधा. फोटो काढायचा तर ज्याचा आहे त्याला विचारा.'

वाघवाला त्या दिवशी टेबलाशीच होता. त्याच्या कानाची शस्त्रक्रिया अजून व्हायची आहे. बरगडीची कूर्चा घेऊन कान घडवायचा तर छाती पुरेशी भरावी लागते, म्हणून डॉक्टर आणखी थांबा म्हणालेत. त्यानं झाकणावरचं सगळं वाचलं, एका मुलीकडून पेन मागून घेतलं आणि खाली उरलेल्या जागेत मोठ्या, उतरत्या अक्षरांत लिहिलं:

'माझ्या डावीकडे बसा. बाकीच्यांना विचारा.'